दोन मायक्रोग्रॅम

भाईंनी कॅल्शियमची बाटली हातभर लांब धरली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "निलू, ऑयस्टर म्हणजे काय गं?"

मी पोळ्या लाटत होते. "कालवं," मी बेसावधपणे सांगितलं.

"वाटलंच."

मी वळून पाहिलं तेव्हा ते बाटली घेऊन दाराकडे निघाले होते. एक हात भिंतीला, आणि पाऊल गरजेपेक्षा जरा जास्त उचलून टाकत, पाण्यातून चालल्यासारखे.

"भाई, कुठे निघालात?"

"दुकानात. परत करतो. कालवांच्या कवचापासून केलंय हे, तसं छापलंय इथे. आपण मासे सोडलेत."

"कवच म्हणजे मासा नव्हे. तो चुना आहे. तुम्हीच शिकवलंत ना मला? कॅल्शियम कार्बोनेट खडूत असो की शिंपल्यात, कॅल्शियम कार्बोनेटच."

"रसायन तेच आहे गं," ते शांतपणे म्हणाले. "आलं कुठून, ते विचारतोय मी."

भाई म्हणजे माझे वडील, दिगंबर टिपणीस. धाटावच्या एका रसायनांच्या कारखान्यात त्यांनी प्रयोगशाळा सांभाळली होती. निवृत्त झाल्यावर ते आणि आई रोह्यातल्याच घरात राहिले. मी पुण्याला, एका प्रकाशनसंस्थेत संपादनाचं काम करायची. वैशाखात आई झोपेतच गेली. मी सांगतेय ती गोष्ट त्यानंतरच्या पौषातली. तिला आता पुष्कळ वर्षं झाली, आणि आता भाईही नाहीत.

आईच्या तेराव्याला, पाहुण्यांची पंगत बसल्यावर, भाईंनी उभं राहून सांगितलं होतं, "मी कुमुदसाठी मासे सोडले." आमच्यात, कायस्थांत, माणूस गेल्यावर त्याच्या नावानं एखादा पदार्थ सोडणारे असतात. कुणी फणस सोडतं, कुणी चहा. पण मासे? सोमवार-गुरुवार सोडले तर ज्या घरात रोज बाजारात काय आलंय यावर दिवसाचा रंग ठरायचा, त्या घरातल्या माणसानं मासे सोडले म्हटल्यावर पंगतीत एकेकाचा हात डोळ्यांकडे गेला. मला वाटलं, दोन-तीन महिन्यांत उतरेल हे. उतरलं नाही. त्यांचा नेम मात्र स्वतःपुरता होता. घरी कुणी आलं की ते स्वतः बाजारात जाऊन सुरमई आणायचे, शेजारच्या वहिनींकडून करून घ्यायचे, समोर बसून पाहुण्याला वाढायचे आणि स्वतः वरणभात जेवायचे.

मार्गशीर्षात ते न्हाणीघरात पडले. मोडलं काही नाही. पण शेजारच्या वहिनींनी मला फोन केला, "तुझे वडील सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. त्यांना पायाखालचं कळत नाहीये." मी रजा टाकली आणि आले. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि तोवर म्हणून कॅल्शियम लिहून दिलं. ती ही बाटली.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन आम्ही डॉक्टर धारप बाईंकडे गेलो. त्या आमच्या नेहमीच्या डॉक्टर, आईची मंगळागौरीपासूनची मैत्रीण. त्यांनी भाईंना पलंगावर बसवलं, मोजे काढायला लावले आणि दोन दांड्यांचा लोखंडी चिमटा, ट्यूनिंग फोर्क, तळहातावर आपटून त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला.

"थरथर कळली की सांगा."

भाई सभ्यपणे वाट बघत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "हं, ठेवा."

"ठेवलाय, भावोजी."

भाईंनी खाली पाहिलं. मग माझ्याकडे नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

बाईंनी रिपोर्ट टेबलावर पसरला. बी-ट्वेल्व्ह असायला हवं त्याच्या निम्म्यानंही नव्हतं. "हे नुसतं मासे सोडल्यानं झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "आठ महिन्यांत एवढं होत नाही. तुमची ती शुगरची गोळी आणि ती अ‍ॅसिडिटीची, कित्येक वर्षं घेताय. त्यानं जेवणातलं बी-ट्वेल्व्ह अंगी लागत नाही. ताटात मासळी भरपूर असायची म्हणून कसंबसं निभत होतं. मासळी गेली आणि उरलंसुरलं संपलं."

"लागतं किती?" भाईंनी विचारलं. त्यांचा प्रयोगशाळेतला आवाज होता तो.

"दिवसाला दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास."

"आणि तुमच्या गोळीत?"

"दीड हजार."

भाईंनी मनात भागाकार केला. चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी थोडं हसू दिसलं. "साडेसातशे दिवस! म्हणजे आज एक गोळी घेतो आणि दोन वर्षांनी येतो तुमच्याकडे."

"तुम्हाला गोळी देतच नाहीये मी. इंजेक्शनं देतेय. आधी दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला."

"त्यात किती?"

"एक हजार."

"लागतात दोन आणि टोचायचे हजार. डॉक्टरीणबाई, आमच्या कारखान्यात असं कुणी केलं असतं तर घरी पाठवला असता."

"तुमच्या कारखान्यात टाकलं तेवढं सगळं मिसळत असेल. पोटात गेलेल्या गोळीतला शंभरात एखादाच भाग रक्तात पोचतो. म्हणून गोळीवर तसले आकडे. आणि दोन मायक्रोग्रॅम लागतात ते धडधाकट माणसाला, आहे ते राखायला. तुमचं राखायचं नाहीये, भरायचंय." मग हसू पुसून त्या माझ्याकडे वळल्या. "निलू, हे लांबवू नकोस. काही महिन्यांचं बधिरपण परत फिरतं. फार दिवस राहिलं तर तसंच राहतं. मग काठी, मग चाकाची खुर्ची."

"उद्यापासून सुरू करू," मी म्हणाले.

"बघू," भाई मोजे चढवत म्हणाले.

घरी आल्यावर त्या "बघू"चा अर्थ कळला. त्यांना इंजेक्शन नको होतं.

मी वाचणारी मुलगी. घाबरले की वाचते. पुढच्या दोन दिवसांत मी मिळेल ते सगळं वाचून काढलं आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आईचा केकसाठी आणलेला वजनकाटा मांडला. भाईंचं ताट वाढायच्या आधी मी एकेक जिन्नस तोलायला लागले. निदान आकड्यांपुढे ते वाकतील, असं मला वाटत होतं.

भाई दारात येऊन उभे राहिले. "वाटीचं वजन वजा केलंस का?"

"केलं."

"मग ठीक. आमटी तोलताना ढवळून घे, डाळ खाली बसते."

जेवताना मी हिशेब सांगितला. सकाळ-दुपारच्या चहातलं दूध, वाटीभर ताक, पोळ्या, भाजी, आमटी. सगळं धरून कॅल्शियम जेमतेम साडेतीनशे मिलिग्रॅम, हवं हजार. बी-ट्वेल्व्ह दुधा-ताकातून आलं तेवढंच, अर्धा मायक्रोग्रॅम. आणि त्यातलंही त्यांच्या अंगी किती लागणार?

"आणि आधी?"

"आधी काय?"

"कुमुद वाढायची तेव्हाचं. तोलायचंच असेल तर दोन्ही तोलावं. नुसत्या एका आकड्याला काय अर्थ?"

मी सांगितलं. आदल्या रात्री तेही मांडून पाहिलं होतं. बांगड्याची एक तुकडी म्हणजे दिवसाचं भागून वर उरेल इतकं बी-ट्वेल्व्ह. काट्यांसकट चावून खायची मांदेली म्हणजे कॅल्शियम. वांग्यातले सुक्या कोलंबीचे सोडे, सोड्याची खिचडी, वालाच्या बिरड्याबरोबर तळलेली काहीतरी तुकडी. "त्या ताटात चुकून काही कमी नव्हतं," मी म्हणाले.

भाई भाताचं आळं करून त्यात आमटी ओतत राहिले.

"मासे नका खाऊ," मी म्हणाले. "तुमचा नेम पाळा. पण इंजेक्शन मासळीतून काढत नाहीत. जंतू वाढवून टाक्यांत करतात. मी वाचलंय. त्यात समुद्राचा थेंब नाही."

"माहितीये मला. आंबवून करतात. मासळीचं असतं तर बरं झालं असतं, सरळ नाही म्हणून मोकळा झालो असतो."

"मग का नको?"

"सोडणं म्हणजे काय, निलू? एखादी गोष्ट जाते तेव्हा जी उणीव राहते ती राहू द्यायची. इकडून मासे सोडायचे आणि तिकडून माशातलं होतं-नव्हतं ते सुईनं भरून घ्यायचं, मग सोडलं काय मी? चव?"

"आईला हे आवडलं असतं? तुम्ही भिंत धरून चालताय ते?"

ते ताटावरून उठले. मग हात धुवून आले आणि खुर्चीत बसून सांगायला लागले. मी खरकट्या हातानं तशीच बसून राहिले.

आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत. त्यामुळे आईच्या दहाव्याला नदीवर काय झालं ते मला माहीत नव्हतं. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कठड्यावर पाच-सहा बसलेले, पण एकही खाली येईना. सगळ्यांनी आळीपाळीनं हात जोडून सांगून पाहिलं. निलूकडे लक्ष देऊ. घर विकणार नाही. तुझ्या तुळशीला पाणी घालू. ऊन डोक्यावर आलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायचं म्हणायला लागले.

"मी आयुष्यात असलं काही मानलं नाही," भाई म्हणाले. "कावळा म्हणजे कावळा. भूक असेल तर येईल. पण तिथे उभं राहिल्यावर तसं नाही वाटत गं. वाटतं, ही काय अडकलीये? माझ्याकडून काय राहिलं? मग मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हटलं, कुमुद, मासे सोडले मी, तुझ्यासाठी. डोळे उघडले तर कावळा पिंडावर." ते थांबले. "आमचं शेवटचं बोलणं ते. त्या रात्री ती नुसती 'दिवा मालवा' म्हणून झोपली होती. मग हे एवढंच बोलणं झालं. मी सांगितलं आणि तिनं ऐकलं. त्यात आता मला पळवाटा नकोत."

मी ताटं उचलली.

रविवारी नंदूमामा आला. आईचा धाकटा भाऊ, नागोठण्याला असतो. येताना भिजवून मोड आणलेले वाल घेऊन आला, कारण मला बिरडं आवडतं. भाई आत पडले होते. आम्ही दोघं मागच्या पडवीत परात मध्ये घेऊन वाल सोलत बसलो. मी त्याला रिपोर्टचं सांगितलं, इंजेक्शनांचं सांगितलं आणि मग घाटावरचंही सांगितलं.

मामाचा हात थांबला.

"मनातल्या मनात म्हणाले? म्हणजे घाटावरच? मला वाटलं, हे तेराव्याला सुचलं त्यांना."

"का? काय झालं?"

"काही नाही." त्यानं एक वाल सोलला आणि दाण्याऐवजी सालच परातीत टाकली. "निलू, तो कावळा बोंबलावर आला होता गं."

"कशावर?"

"बोंबील. सुका, भाजलेला. मी नेला होता खिशातून, कागदात बांधून. ताईला केवढा आवडायचा! लहानपणी चुलीतला माझ्या वाटणीचासुद्धा पळवायची. मला वाटलं, हे दहीभात नि वडे ठेवून बसलेत, त्याला ती काय भुलणार? पण गुरुजींसमोर काढायचा कसा? मग सगळ्यांनी हात जोडले, भावोजींनी डोळे मिटले, तेव्हा हळूच पिंडामागे सरकवला. ठेवतो न ठेवतो तोच झडप."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"सांगणार होतो! तेराव्याला हसत हसत सांगणार होतो. तर हे पंगतीत उभे राहून म्हणतात, मासे सोडले. मग काय तोंड उघडणार? अख्खी पंगत डोळे पुसत होती."

आतून भाईंच्या उठण्याचा आवाज आला, मग भिंतीवरून हात सरकल्याचा.

"सांगायचं का त्यांना?" मामानं विचारलं.

सांगितलं तर कदाचित इंजेक्शन घेतील. पण मग त्यांच्या हातात आईचं काय उरेल? "दिवा मालवा" एवढंच. नाही सांगितलं तर ते शेवटचं बोलणं राहील आणि पाय जातील. मी आईच्या बाजूनं विचार करून पाहिला. तीही अशा वेळी वाल सोलतच विचार करायची.

"सांग," मी म्हणाले. "तूच सांग. मी शेजारी बसते."

भाई खुर्चीत बसले होते. मामा समोरच्या स्टुलावर बसला आणि शाळेतल्या पोरासारखं सगळं सांगून टाकलं. कागद, खिसा, पिंड, झडप. भाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"गुरुजींनी पाहिलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पाहिलं. म्हणाले, आटपा लवकर, मला नदीपलीकडे अष्टमी गावात जायचंय."

"ओला होता की सुका?"

"सुका. भाजलेला."

"तिखट लावून?"

"हो. मीठ-तिखट आणि थोडं तेल."

"आणि आठ महिने," भाई सावकाश म्हणाले, "तू माझ्यासमोर बसून सुरमई खाल्लीस. मी वाढत होतो आणि तू खात होतास. दोनदा मागून घेतलीस, नंदू!"

"तुम्ही आग्रह करत होता, भावोजी!"

भाईंनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मी उठले. चुकलं आपलं, असं मला वाटलं. जवळ गेले तर ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हसत होते. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"ती बोंबलासाठी आली," ते म्हणाले. "ती बिचारी बोंबलासाठी आली आणि मी तिला सांगतोय, मासे सोडले! काय म्हणाली असेल गं ती? किती चिडली असेल!"

मग हसणं थांबलं आणि नुसतं रडणं राहिलं. त्या आठ महिन्यांत ते आमच्यासमोर एकदाही रडले नव्हते. मामा आणि मी दोन्ही बाजूंना बसून राहिलो. कुणी कुणाला पाणी आणून दिलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "धारप बाई रविवारी असतात का गं?"

"घरी असतात."

"फोन कर. आणि म्हणावं, ती हजारवाली सुई घेऊन ठेवा."

पहिल्या इंजेक्शनाला त्यांनी बाईंशी पुन्हा हुज्जत घातली, हजार की पाचशे यावर. कॅल्शियमच्या गोळ्यांचं मात्र ठरवून टाकलं. "ताटातून येतंय तेवढं ताटातून येऊ दे, उरलं तेवढंच बाटलीतून. किती उरतं ते निलू तोलून सांगेल." पहिल्या दिवशी त्यांनी मासे मागितले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन माझ्या पुढ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "मांदेली बघू मिळतात का. काट्यांसकट खायचीत ना?" मी त्यांच्याबरोबर गेले. पडल्यापासून ते बाजारात गेले नव्हते. कोळणीनं त्यांना पाहिलं, टोपलीवरचा हात थांबवला आणि म्हणाली, "आलात? बरं झालं. दुसऱ्या कुणाला भावच करता येत नाही." त्या दिवशी ते फार कमी जेवले. पण सावकाश जेवले, एकेक काटा चावून. वजनकाटा ओट्यावर होता. मी तो काढला नाही.

महिनाभरानं मी पुण्याला परतले. शनिवार-रविवार येत राहिले. पायांत फरक पडायला वेळ लागला. सुरुवातीला मुंग्या वाढल्या, रात्री तळवे जळजळायचे. बाई म्हणाल्या, चांगलं लक्षण आहे. भाई म्हणाले, "ह्यांचं लक्षण चांगलं, झोप माझी जाते." होळीपर्यंत त्यांचा हात भिंतीवरून सुटला होता. पण पायाखालचं कळतं का, असं विचारलं की ते म्हणायचे, "असेल." मी विचारणं सोडून दिलं.

वैशाखात आईचं वर्षश्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बाजारात निघालो होतो. मी आदल्या दिवशीच्या दगदगीनं गप्प होते. भाई सुरमईच्या भावावर बोलत होते. नगरपालिकेनं रस्ता उकरून ठेवला होता, सगळीकडे खडी पसरलेली. मधेच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब जरा."

"काय झालं? दमलात?"

ते उत्तर न देता एका पायावर उभे राहिले. दुसऱ्या पायातली चप्पल काढली, उलटी केली, दोनदा झटकली. वाटाण्याएवढंही नसेल असं काहीतरी रस्त्यावर पडलं.

"खडा गं," ते वैतागून म्हणाले. "कोपऱ्यापासून टोचतोय मेला, अंगठ्याच्या खाली."

त्यांनी चप्पल पायात सरकवली, खांद्यावरचा हात काढला आणि चालायला लागले. चार पावलं गेल्यावर मी शेजारी नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

"आता तू का उभी राहिलीस मध्येच? चल की. उशीर झाला तर कोळणीकडे काही उरायचं नाही."